क्लॅप जरा हळू द्या: सेरेब्रल पाल्सी, अभिनय आणि रेडिओचं काम

मी अभिनेत्री आहे आणि रेडिओवर शो करते. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, त्यातला स्पास्टिक प्रकार. दोन्ही पाय कडक, उजवा हात मंद, आणि दमले की जीभ जड होते म्हणजे शब्द एकमेकांत मिसळायला लागतात. कुबड्या वापरते, अंतर जास्त असेल तर व्हीलचेअर. हे आधीच सांगून टाकते, कारण शरीर कसं वागतं हे माहीत नसेल तर पुढचं काहीच नीट कळणार नाही. मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना सूचना जातात त्याला जन्माच्या आसपास इजा झालेली असते, ती इजा पुढे वाढत नाही, पण स्नायू मात्र रोज वेगळे वागतात. थंडीत वेगळे, घाईत वेगळे, आणि कुणी आपल्याकडे टक लावून बघतंय म्हटलं की अजूनच वेगळे. आणि अभिनयात तर कायमच कुणीतरी बघत असतं.

मला बरेच जण विचारतात, विशेषतः अपंग मुलामुलींचे आईवडील, की या लाइनमध्ये शिरायचं कसं, तुम्हाला कुणी घेतलं कसं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा माझ्या बाबतीत काय काय होत गेलं ते सगळं एकदा लिहून काढते.

ऑडिशनपासून सुरू करते. मेसेज येतो, त्यात सीन असतो, वेळ आणि पत्ता असतो. बाकीचे लोक सीन पाठ करायला घेतात, माझं पहिलं काम म्हणजे फोन करून विचारणं की कितवा मजला, लिफ्ट आहे का, लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का, टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का, थांबायला खुर्ची मिळेल का. लिफ्टचा प्रश्न दोनदा विचारावा लागतो, कारण "हो हो लिफ्ट आहे" असं अगदी खात्रीनं सांगतात आणि गेल्यावर दिसतं की लिफ्ट सुरूच होते अर्धा जिना चढून गेल्यावर. त्यांनी खोटं सांगितलेलं नसतं, त्यांना त्या पायऱ्या कधी दिसलेल्याच नसतात. पण तो अर्धा जिना चढून मी कॅमेऱ्यासमोर जाते तेव्हा मांड्या थरथरत असतात, खांदे कानाला टेकलेले असतात, श्वास वर अडकलेला असतो, आणि मग समोरचे लोक त्यावरून माझा अभिनय ठरवतात. म्हणून सेल्फ टेपची, म्हणजे ऑडिशन स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायची पद्धत वाढली तेव्हा मला खरंच खूप बरं वाटलं. घरी बसून, पाय नीट टेकवून, शरीर मोकळं असताना टेक घेता येतो. फक्त मी एक करते, क्लोजअपसोबत चालतानाचा एक छोटा व्हिडिओही पाठवते, कुबड्यांसकट, म्हणजे नंतर कुणाला धक्का नको.

आधी सांगायचं की नाही यावर अपंग कलाकारांमध्ये खूप वाद आहेत. काही जण म्हणतात आधी सांगितलं की बोलावतच नाहीत, आणि हे खरं आहे, माझ्याही बाबतीत झालंय, "भूमिका आता थोडी बदललीय" असा मेसेज येतो आणि विषय संपतो. तरी मी सांगतेच. कारण न सांगता गेलं की खोलीतली पहिली पाच मिनिटं समोरच्यांनी स्वतःला सावरण्यात जातात, कुणी खुर्ची पुढे करतं, कुणी नको तेवढं गोड बोलायला लागतं, आणि मला मिळालेल्या वेळातला निम्मा वेळ त्यातच जातो. ज्यांना बोलवायचंच नाही त्यांच्याकडे मी जिना चढून का जावं.

आता भूमिका कशा येतात ते. अजूनही बहुतेक वेळा साच्यातल्याच येतात. एक म्हणजे बिचारी, जिच्यामुळे हिरोचा चांगुलपणा दिसतो. दुसरी म्हणजे देवमाणूस, जिला राग येत नाही, पैशाची चिंता नाही, नुसती सगळ्यांना हिंमत देत फिरते. तिसरी शेवटी चालायला लागते. ही तिसरी मी कधीच घेत नाही, मानधन कितीही असो. घरी बसून टीव्ही बघणाऱ्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला वाटणार की इच्छाशक्ती असती तर पाय सरळ झाले असते, म्हणजे आपणच कमी पडलो. बिचारीची भूमिका मात्र मी वाचून ठरवते. तिला स्वतःचं काही काम आहे का, ती कुणावर चिडते का, तिला काही हवंय का, एवढं असेल तर उरलेलं तालमीत बोलून वाढवता येतं.

आणि मग कधीतरी वकिलाची भूमिका येते, जिच्यात अपंगत्वाचा एका शब्दानंही उल्लेख नसतो. मला ती मिळाली तेव्हा दिग्दर्शकांनी संहितेत काहीच बदललं नाही. सगळी चर्चा झाली ती एका फाइलवर. वकील कोर्टात शिरते तेव्हा हातात फाइल हवी, आणि माझे दोन्ही हात कुबड्यांत. मग ठरलं की खांद्यावरून तिरकी बॅग, फाइल बॅगेत, आणि टेबलाशी पोचल्यावर एक कुबडी दंडाच्या पट्ट्यावर लटकवून ठेवत एका हातानं फाइल काढायची. मी रोज असंच करते. प्रॉप सांभाळणाऱ्या दादांनी ती बॅग आणली, मी फाइल आत-बाहेर करून बघितली, चेन अडकत होती म्हणून त्यांनी चेनला जाड दोऱ्याचा लूप बांधून दिला. एवढंच. सीन बघणाऱ्याला त्यातलं काही जाणवतसुद्धा नाही, त्याला वकील दिसते.

सेटवरची माझी सगळ्यात मोठी अडचण पायऱ्या नाहीत, क्लॅप आहे, म्हणजे शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर फाटकन मिटवतात ती पाटी. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. तान्ह्या बाळाला मोठा आवाज ऐकला की ते दोन्ही हात फाकवून दचकतं ना, ती प्रतिक्रिया बाकीच्यांची काही महिन्यांत जाते, आमच्यापैकी अनेकांमध्ये दचकणं आयुष्यभर तसंच जोरदार राहतं. चेहऱ्यासमोर फाट् करून क्लॅप वाजला की माझं अख्खं शरीर उडतं, हात बाहेर फेकले जातात, आणि मग तो कडकपणा उतरायला वेळ लागतो. आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी ओरडतं, अ‍ॅक्शन! हळवा सीन असेल तर सगळाच गेला.

क्लॅप का देतात तर चित्र आणि आवाज वेगवेगळे रेकॉर्ड होतात, पाटी मिटतानाचं चित्र आणि तिचा आवाज जुळवला की दोन्ही एका रेषेत येतात. म्हणजे मोठ्या आवाजाची गरजच नसते. मी असिस्टंट डायरेक्टरला हे सांगितलं तेव्हा तो घाबरला, एडिटिंगमध्ये प्रॉब्लेम आला तर माझ्यावर येईल म्हणाला. साउंडवाले काका हेडफोन काढून म्हणाले, "ताई, टक एवढं वाजलं तरी मला पुरे, मला ते स्क्रीनवर रेघेत दिसतं." त्या दिवसापासून क्लॅपवाला मुलगा पाटी माझ्यापासून लांब धरून, बोट मध्ये ठेवून, हळूच मिटवायला लागला. फारच नाजूक सीन असेल तर एंड बोर्ड घेतात, म्हणजे शॉट संपल्यावर पाटी उलटी धरून क्लॅप. या दोन्ही गोष्टी जगभरच्या सेटवर कधीपासून आहेत, लहान मुलांसोबत आणि प्राण्यांसोबत शूट करताना वापरतातच. फक्त मोठ्या माणसानं मागायच्या हे कुणाच्या डोक्यात नसतं. अ‍ॅक्शनसुद्धा आता माझ्यासाठी साध्या आवाजात म्हणतात. आणि मी बघितलंय की त्यामुळे बाकीचे कलाकारसुद्धा शांत होतात, एका ज्येष्ठ अभिनेत्यांनी तर स्वतःच्या सीनलाही हळू क्लॅप मागितला.

दुसरी गोष्ट कंटिन्युइटी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी घेतलेले शॉट पडद्यावर सलग वाटायला हवेत. हे मला कुठल्याही अभिनयाच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी नऊ वाजताची माझी चाल आणि संध्याकाळी सहा वाजताची चाल या दोन वेगळ्या बायकांच्या चाली आहेत. सकाळी टाच टेकते, संध्याकाळी पाय नुसता घासत येतो. दरवाजातून आत येतानाचा शॉट सकाळी झाला आणि त्याच सीनचा खुर्चीपर्यंत जातानाचा शॉट संध्याकाळी लागला तर पडद्यावर एका पावलात माझं अपंगत्व वाढलेलं दिसतं. म्हणून माझ्या चालण्याचे सगळे शॉट सलग आणि शक्यतो सकाळीच लावायला सांगते, बसलेले क्लोजअप नंतर. कंटिन्युइटी बघणारी मुलगी आता केस आणि दागिन्यांसोबत माझ्या कुबड्या कुठल्या बाजूला टेकवल्यात आणि कुठला पाय पुढे होता हेही लिहून ठेवते. औषधाचाही हिशोब असतो. स्नायू सैल करायचं जे औषध मी घेते त्यानं झोप येते आणि चेहराही थोडा मंदावतो, त्यामुळे कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ कळल्याशिवाय मला दिवस ठरवता येत नाही. (हे डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं आहे, कुणी माझं वाचून स्वतःच्या गोळ्यांच्या वेळा बदलू नका.) पोटऱ्यांत बोटॉक्सची इंजेक्शनं घेते, त्यांचा असर साधारण तीन महिने राहतो, त्यामुळे मोठं शेड्यूल असेल तर तेही आधी माहीत लागतं.

या सगळ्यातून एक कागद तयार झाला, त्याला अ‍ॅक्सेस रायडर म्हणतात. गायक-वादक कार्यक्रमाच्या आधी त्यांना कुठला माईक, किती स्पीकर लागतात ते लिहून देतात ना, त्याच धर्तीवर अपंग कलाकार आपल्याला काम करायला काय लागतं ते लिहून देतात. माझा एक पान आहे, त्याहून मोठा मी होऊ देत नाही कारण मोठा कागद कुणी वाचत नाही. त्यात काय आहे तर, क्लॅप हळू. व्हॅनिटी व्हॅनच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत, जमिनीच्या पातळीवरची खोली हवी. टॉयलेट जवळ आणि दाराची रुंदी अमुक. चालण्याचे शॉट आधी. दर दोन तासांनी पाय लांब करून आडवं व्हायला जागा, पंधरा मिनिटं. शेवटच्या क्षणी संवाद बदलले तर चालतील, शेवटच्या क्षणी हालचाली बदलल्या तर मला दोन रिहर्सल लागतील. आणि शेवटी, मला उचलायचं नाही, ढकलायचं नाही, न विचारता हात धरायचा नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त मोडला जातो आणि तोसुद्धा प्रेमापोटी, त्यामुळे भांडताही येत नाही.

सुरुवातीला हा कागद द्यायला मला भीती वाटायची, नखरे आहेत म्हणतील, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत. पण लाइट लावायला तास लागतो तेव्हा कुणी लाइटचे नखरे म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, त्याच्या ३० व्या कलमात सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय, आणि त्यात नुसतं बघायला जाणं नाही तर स्वतःची कला घडवून ती वापरणंही आहे. त्याच करारात वाजवी सोयी नाकारणं हा भेदभाव मानलाय. मी सेटवर कुणाला कलमं वाचून दाखवत नाही, त्याचा उपयोगही नसतो. पण कागद पुढे करताना आपण उपकार मागत नाही आहोत हे स्वतःला माहीत असलं की आवाज बदलतो.

लोकांना वाटतं हे सगळं आत्ता आत्ताचं आहे. सारा बर्नहार्ट या फ्रेंच अभिनेत्रीचा पाय १९१५ मध्ये कापला, त्यानंतरही ती १९२३ मध्ये जाईपर्यंत काम करत राहिली, बसून करता येतील अशा भूमिका निवडून. लिओनेल बॅरीमोर १९३० च्या दशकाच्या शेवटी व्हीलचेअरवर आला तर त्याच्यासाठी व्हीलचेअरवरच्या डॉक्टरची भूमिका उभी राहिली, ती त्यानं सिनेमात केली आणि पुढे रेडिओवरही केली. त्याचं मला विशेष वाटतं, कारण दोन्ही माध्यमं त्यानं सोडली नाहीत. हॅरॉल्ड रसेलचे दोन्ही हात सैन्यात असताना स्फोटात गेले, तो अभिनेता नव्हताही, आणि १९४७ च्या सोहळ्यात त्याला एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले. ब्रिटनमध्ये अपंग कलाकारांची ग्रेई ही नाटक कंपनी १९८० पासून आहे. तरीसुद्धा अली स्ट्रोकर या अमेरिकन अभिनेत्रीला २०१९ मध्ये टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, व्हीलचेअर वापरणारी पहिली विजेती, तेव्हा प्रेक्षागृहातून स्टेजवर जायला रॅम्पच नव्हता, तिला आधीच विंगेत नेऊन थांबवावं लागलं. हे वाचून मी खूप वेळ अस्वस्थ होते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत आणि वर जायला रस्ता नाही.

अपंग पात्र धडधाकट अभिनेत्यानं करावं का, हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येतो. माझं मत सरळ आहे. अभिनय म्हणजे दुसरं कुणीतरी होणं, हे मला मान्य, पण मग ते दोन्ही बाजूंनी असावं. मला बँकेतली मॅनेजर, सावत्र आई, खुनी बाई कुणी देत असेल तर धडधाकट अभिनेत्यांनी खुशाल कुबड्या घ्याव्यात. आज तसं होत नाही, आमच्यासाठी एक छोटी खिडकी उघडी आहे आणि तिथेही आधी दुसरेच उभे. आणि स्वतःला अपंगत्व आहे म्हणून भूमिका आपोआप येते असंही नाही. आर. जे. मिट्टे या अमेरिकन अभिनेत्याला सेरेब्रल पाल्सी सौम्य आहे, गाजलेल्या मालिकेत त्याचं पात्र जास्त तीव्र होतं, तर त्याला कुबड्यांवर चालायला आणि बोलणं जड करायला शिकावं लागलं. म्हणजे अभिनय त्यालाही करावाच लागला. मला एकदा एका दिग्दर्शकांनी "जरा जास्त लंगडा ना" असं सांगितलं होतं. मी विचारलं, का, या सीनमध्ये ती दमलीय का, थंडी आहे का, कुणापासून पळतेय का. कारण दिलं असतं तर केलं असतं. कारण नव्हतं.

आता रेडिओ. रेडिओवर मी आधी लिहायला गेले होते, दुसऱ्यांचे लिंक्स, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचे तुकडे, लिहून द्यायचे. मग आवाजाची टेस्ट दिली. ती घेणारे म्हणाले आवाज छान आहे पण उच्चार स्वच्छ नाहीत, ऐकणाऱ्याला काहीतरी गडबड वाटेल. मी नंतर दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथे वीकेंडचा सकाळचा शो मिळाला. सगळे म्हणाले, बरं झालं, रेडिओवर तुला कुणी बघत नाही. मला हे वाक्य कधीच पटलं नाही, कारण माझं अपंगत्व पायापुरतं नाही, ते आवाजातही आहे, आणि रेडिओवर आवाजच असतो.

शोच्या दुसऱ्या तासात जीभ जड व्हायला लागली की फोन यायचे. "ताई आज पिऊन आल्यात का?" काही जण हसून विचारायचे, काही जण रागावून, एकानं स्टेशनला लेखी तक्रार केली. माझ्या प्रोड्यूसरला वाटत होतं की आपण काहीच बोलू नये. मला वाटत होतं सांगावं, पण कसं सांगावं यावर आमचं बरंच चाललं. तिनं लिहिलेला मसुदा फार हळवा होता, त्यात संघर्ष, जिद्द, झेप सगळं होतं. मी म्हटलं ट्रॅफिकची बातमी देतो तसं सांगू. मग शोच्या सुरुवातीलाच म्हटलं, "नमस्कार, एक माहिती देते, मला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे बोलता बोलता माझा आवाज थोडा जड होतो, मी पूर्ण शुद्धीत आहे आणि पुढचं गाणं लावतेय." आणि गाणं लावलं. आता नवीन श्रोते येत राहतात म्हणून अधूनमधून तेच वाक्य परत म्हणते, त्यात एक शब्द वाढवत नाही.

त्यानंतर फोन बदलले. अडखळत बोलणारे लोक फोन करायला लागले. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर वाचा गेलेले आणि हळूहळू परत बोलायला शिकणारे एक गृहस्थ आहेत, त्यांची मुलगी फोन लावून देते आणि ते स्वतः गाण्याची फर्माईश सांगतात. गाण्याचं नाव यायला वेळ लागतो. रेडिओवर शांतता म्हणजे डेड एअर, काही सेकंद आवाज गेला नाही तर सायलेन्स डिटेक्टर नावाचं यंत्र समजतं की काहीतरी बिघडलंय आणि आपोआप बॅकअपची गाणी सुरू करतं. म्हणजे त्या काकांना शब्द सापडायच्या आत यंत्र त्यांना कापणार. तर आमच्या इंजिनिअरनं एक साधा उपाय केला, फोन सुरू असताना खाली अगदी बारीक आवाजात तानपुऱ्यासारखा एक बेड, म्हणजे सलग सूर, चालू ठेवायचा, ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवतो पण यंत्र गप्प बसतं. आता काका हवा तेवढा वेळ घेतात. मला शोमधला तो भाग फार प्रिय आहे. मी मध्ये शब्द सुचवत नाही, मलाही कुणी माझे शब्द पूर्ण केलेले आवडत नाहीत.

कन्सोल, म्हणजे स्टुडिओतलं आवाज सांभाळायचं यंत्र, माझ्या हाताला जमेल असा करून घ्यायला वेळ लागला. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, अगदी हलके असतात, बोट लागलं की सरकतात, आणि माझा उजवा हात मध्येच झटका देतो, म्हणजे गाणं एकदम कानठळ्या बसेल असं वर जायचं. मग माईकचा फेडर डाव्या टोकाला घेतला, गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचं "पुढचं वाजव" हे बटण कीबोर्डवरून काढून एका मोठ्या गोल बटणावर आणलं, ते डाव्या तळहातानं दाबते. टेबलाखाली पाय टेकवायला फूटरेस्ट. हा फूटरेस्ट आवाजासाठी आहे, हे कुणाला खरं वाटत नाही. पाय लोंबकळत राहिले की कडकपणा वर चढत जातो, पोट आवळतं, श्वास अपुरा पडतो आणि शेवटी जबडा. हेडफोनमध्ये प्रोड्यूसर अचानक बोलली तर तिथेही तेच दचकणं, म्हणून ती मला स्क्रीनवर टाइप करून सांगते, "३० सेकंद उरलेत", "पाहुणे लाइनवर आहेत".

लिंक्स मी स्वतः लिहिते, मोठ्या अक्षरात, जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ. जोडाक्षरं एकापाठोपाठ एक आली की जीभ अडते, "सर्वोत्कृष्ट" किंवा "वैशिष्ट्यपूर्ण" दुसऱ्या तासात मला नको असतात, मी "सगळ्यात भारी" आणि "खास" लिहिते. यानं माझी भाषा बोलण्यातली झाली आणि श्रोत्यांना तीच आवडते. मुलाखत असेल तर पहिल्या अर्ध्या तासात घेते, गाण्यांचे मोठे ब्लॉक शेवटी. पाहुण्यांचं नाव अवघड असेल तर घरून म्हणत येते.

एक आग्रह मी धरलाय, की मला फक्त अपंगांचा कार्यक्रम देऊ नका. तसे कार्यक्रम हवेतच, बीबीसी रेडिओवर अंध आणि कमी दिसणाऱ्यांसाठीचा "इन टच" १९६१ पासून चालू आहे. त्याचा निवेदक पीटर व्हाइट जन्मापासून अंध आहे आणि १९७४ पासून तो कार्यक्रम करतोय. पण त्यानं ग्राहकांच्या प्रश्नांवरचा रोजचा कार्यक्रमही केला, ज्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही. मलाही गाणी, क्रिकेट, पुस्तकं, भाज्यांचे भाव यावर बोलायचंय.

दोन्ही कामं एकत्र येतात ती श्रुतिकेत, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. एका श्रुतिकेत माझं पात्र जिना धावत चढतं आणि वर पोचून एक वाक्य बोलतं. पावलांचा आवाज एक मुलगा देत होता, हातात बूट घालून लाकडी फळीवर. मी माईकसमोर खुर्चीत. धावणं मी आयुष्यात केलेलं नाही, पण जिना चढून वर पोचल्यावरचा श्वास मला माहीत आहे, तो किती वर अडकतो, बोलायच्या आधी कसा गिळावा लागतो, वाक्याचे पहिले दोन शब्द कसे आवाजाशिवायच निघतात. मी ते केलं. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून अंगठा दाखवला आणि बूटवाला मुलगा म्हणाला, "ताई, मीच दमलो." तो टेक तसाच ठेवला.

सध्या एका नाटकाची जुळवाजुळव चालू आहे. हालचाली बसवताना दिग्दर्शकांनी माझं येणं-जाणं कमी करून मला एका जागी बसवून टाकलं होतं, माझ्या सोयीसाठी म्हणून. मी त्यांना म्हटलं सर, मला तीन एंट्र्या द्या, फक्त तिसऱ्या घंटेच्या आधी पहिल्या एंट्रीच्या जागी नेऊन ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या एंट्रीमध्ये विंगेतून फिरून यायला वेळ द्या. त्यांनी मधल्या प्रवेशात दुसऱ्या पात्राचं स्वगत पुढे घेतलं आणि मला वेळ मिळाला. आता अडलंय ते थिएटरवर. विंगेतून स्टेजवर चढायला लाकडी उतार आहे म्हणतात, मॅनेजरनी फोटोही पाठवले, पण फोटोत उताराचा कोन कळत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असेल तर मी कुबड्यांवर एकटी चढते, त्याहून उभा असेल तर फळी वाढवून घ्यावी लागेल. येत्या सोमवारी थिएटर बंद असतं, तेव्हा मेजर टेप घेऊन सेटवाल्या दादांसोबत जाऊन मोजणार आहे.